घरटी एक मूठ मनुका

तुमच्या मंडळीत घरं किती, असं कुणी विचारलं तर कौशल्याबाई आकडा सांगत नसत. मूठ वळून दाखवत आणि म्हणत, "शनिवारी या, मोजून दाखवते."

त्याचं असं होतं. बडोद्याच्या त्या लहानशा मराठी चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घ्यायचा विधी असे, आणि प्याल्यातला रस कौशल्याबाईंच्या चुलीवर होई. गुजरातेत दारूबंदी, तेव्हा द्राक्षारसाच्या, म्हणजे वाइनच्या, जागी मनुकांचा रस. हे काम त्यांना सासूबाईंकडून आलं होतं, रीतीसकट. आदल्या दिवशी मोठं पातेलं चढवायचं आणि घरटी एक मूठ मनुका टाकायच्या, त्या घराचं नाव घेऊन. "मंदाकिनीचं घर. दत्ताजीरावांचं घर." पंचांशी भांडून जे चर्चला येईनासे झालेले असत त्यांचीही मूठ पडे; उलट जरा भरगच्चच. शेवटची मूठ पाळकांच्या घराची. "भास्करराव," असं म्हणून त्या झाकण ठेवत.

भास्करराव इतकी वर्षं पाळक होते की ज्यांचा बाप्तिस्मा त्यांनी केला त्यांचीच लग्नंही त्यांनी लावली. ते निवृत्त झाले, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले, आणि त्यांच्या जागी नील आला. डभोईत वाढलेला, तरुण, चष्मेवाला. मराठी बोलताना मध्येच गुजरातीत घसरायचा.

पहिल्याच आठवड्यात तो म्हणाला, "मावशी, आपण बाटलीतला रस मागवूया ने. तुम्हाला नाहक त्रास."

बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. पण कौशल्याबाईंना ऐकू आलं ते एवढंच, की तुमची गरज नाही. पातेलं गेलं की आपणही गेलो, हे त्यांच्या मनानं तिथल्या तिथे ठरवून टाकलं. त्या "बघू" म्हणाल्या. त्यांच्या "बघू"चा अर्थ नवऱ्याला चांगला ठाऊक होता. नीलला कळायला वेळ लागला.

शनिवारी पातेलं चढलंच. शेवटची मूठ पडली, "भास्करराव."

कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झालेले त्यांचे यजमान सुभानराव शेजारी बसून लसूण सोलत होते. "अगं, ते तर रिटायर झाले."

"रिटायर तुम्हीही झालात. तुम्हाला वाढायचं थांबवलं का मी?"

सुभानराव पुन्हा लसणाकडे वळले.

आणि मग करोना आला. चर्चला कुलूप लागलं, उपासना फोनवर सुरू झाली. प्रभुभोजनाच्या रविवारी नीलनं सांगितलं, घरात जे असेल ते घ्या, देव मन बघतो. देव बघत असेल. कौशल्याबाईंनी फोन करून घरोघरची चौकशी केली. मंदाकिनीनं चहा आणि टोस्ट घेतला होता. दत्ताजीरावांनी खाखरा आणि कोकम सरबत घेतलं होतं, वर सरबताची तारीफही केली. कौशल्याबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. एका पातेल्यातला रस सगळ्यांच्या घशाखाली उतरतो म्हणून तर ही मंडळी, नाहीतर नुसती ओळखीची माणसं, असं त्यांचं साधं गणित होतं.

त्यांनी नीलला फोन लावला. "रस मी घरोघरी पाठवते."

"नको मावशी. तुमचं वय, काकांचं वय. बाहेर निघूच नका."

"बघू."

टाळेबंदी थोडी सैल झाली आणि ऐन जूनच्या काहिलीत त्यांनी औषधाच्या रिकाम्या बाटल्या धुऊन घेतल्या. वाटपाला वेळ लागेल म्हणून रस गुरुवारीच करून, बुचं गच्च बसवून ठेवला. सासूबाईंनी सगळं शिकवलं होतं, पण त्यांचा रस कधी एका रात्रीपेक्षा जास्त राहिलाच नव्हता, त्यामुळे पुढे त्याचं काय होतं हे कौशल्याबाईंनाही माहीत नव्हतं. शनिवारी दुपारी सुभानराव डिकीत बाटल्या घालून निघाले आणि सयाजीगंजच्या नाक्यावर पोलिसांनी स्कूटर थांबवली.

"काका, डिकीमां शुं छे?"

"मनुकांचा रस, साहेब. चर्चचा."

सुभानरावांनी झाकण उघडलं, आणि तेवढ्यात एक बूच फट्कन उडालं. पाठोपाठ दुसरं. दोन दिवसांत आंबलेल्या रसाचा फेस हवालदाराच्या बुटांवर आला. त्यानं वाकून वास घेतला आणि सुभानरावांकडे असं पाहिलं, की आयुष्यात सुपारीचंही व्यसन नसलेल्या त्या माणसानं दोन्ही हात वर केले.

त्यांनी नीलला फोन केला. तो धावत आला, मास्क नाकाखाली घसरलेला. हवालदाराला हात जोडून म्हणाला, "साहेब, में ज बनाववा कह्युं हतुं. काकानो कोई वांक नथी." मीच करायला सांगितलं, काकांचा काही दोष नाही. हवालदारानं दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, बाटल्या गटारात ओतायला लावल्या आणि हसू दाबत सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी फोनवरच्या उपासनेत सगळ्या मंडळीच्या देखत नील म्हणाला, "काल मी पोलिसांशी खोटं बोललो. आधी त्याची क्षमा मागतो, मग प्रार्थना करू."

"एवढं जाहीर सांगायची काय गरज होती?" कौशल्याबाई पुटपुटल्या, आणि पदरानं डोळे पुसले. पोराचा लळा लागला होता, पण तसं कबूल करायला त्यांचं तोंड उघडेना.

दुसऱ्या लाटेत भास्करराव गेले. कुणाला जाता आलं नाही. दफनाच्या वेळी नील एकटा उभा होता. मंडळीला ऐकू यावं म्हणून एका हातात फोन धरून तो प्रार्थना वाचत होता. मध्येच त्याचा आवाज थांबला, आणि पलीकडे फोन कानाला लावून बसलेल्या कौशल्याबाई स्वतःशीच म्हणाल्या, "वाच बाळा, वाच."

चर्च उघडायचं ठरलं, त्याच्या आदल्या शनिवारी नील मनुकांची पुडकी घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात आला. प्याले आता वेगवेगळे, तो म्हणाला, पण रस याच पातेल्यातला.

"आणि तुमचा तो बाटलीतला?"

"राहू द्या ने, मावशी."

पातेलं चढलं. नावं घेत घेत मुठी पडू लागल्या. काही घरांत माणसं उरली नव्हती. त्यांचीही मूठ पडली. शेवटची मूठ हातात आली आणि कौशल्याबाई थबकल्या. वाफ तोंडावर येत होती, तरी नाव निघेना.

"म्हणा ने," नील हळूच म्हणाला. "भास्करराव. मला काकांनी केव्हाच सांगितलंय."

कौशल्याबाईंनी दाराकडे पाहिलं. सुभानराव लसूण सोलण्यात फारच गुंग होते.

"भास्करराव," त्या म्हणाल्या आणि मूठ सोडली. सवयीनं झाकण उचललं. मग ते खाली ठेवलं, पुडक्यात पुन्हा हात घातला आणि मावेल तेवढी मूठ भरून घेतली.

"नील पाळकांचं घर," त्या म्हणाल्या.