विहिरीतला हंसराज

"पलटवून पाहा न मॅडम," असं म्हणत ते समोरची वस्तू आधी उलटी करायचे आणि मगच बोलायचे. पेरूचं पान, जेवणाचं ताट, काहीही. एकदा स्वच्छतेची सूचना मी स्वतः टाइप करून त्यांच्या हातात दिली. त्यांनी कागद उलटा केला. "मांगं तं कोराच हाये," म्हणाले आणि परत दिला. पुढची बाजू वाचलीच नाही.

लाखनीच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात ते जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेचे परिचर होते. मी गणित शिकवते. शिवाय पर्यवेक्षक म्हणून इमारत, नळ, कुलपं, सगळं माझ्याकडे. मी रोज कामांची यादी करते आणि झालेल्या कामापुढे खूण करते. अशी यादीवाली बाई तुमच्याही कचेरीत असेल, आणि तिला न जुमानणारा एक जणही असेलच. आमचं पहिल्या दिवसापासून पटलं नाही. मुलं त्यांना काकाजी म्हणत. मी कधी म्हटलं नाही.

माझ्या माहेरी सिहोऱ्याला धानाची शेती. पानावर तपकिरी ठिपके म्हणजे करपा, आणि करप्यावर फवारणी, एवढंच मला ठाऊक. म्हणून व्हरांड्यातल्या नेच्यांच्या पानांखाली ठिपक्यांच्या रांगा दिसल्या तेव्हा मी औषध आणून फवारायला सुरुवात केली. ते धावत आले.

"मॅडम, पोटुशी बाई हाये थे, अन् तुमी औषध मारून राहिल्या!"

बारावीचा अख्खा वर्ग हसला. मग त्यांनी माझ्यासमोरच मुलांना शिकवलं. नेच्याला फूल नाही, बी नाही. त्या ठिपक्यांतून भुकटी गळते. ओल्या जागी पडली की तिचं पत्त्यातल्यासारखं, नखाएवढं हिरवं बदाम होतं. त्या बदामाच्या मागच्या बाजूला नरही असतो आणि मादीही. पाण्याचा थेंब मिळाला की नर पोहत मादीकडे जातो, तेव्हा कुठे नवा नेचा उगवतो. "कामाचं सारं मांगं असते, पोट्टेहो," ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं.

हायवे रुंद झाला तेव्हा त्यांच्या शेतातली जुनी विहीर बुजली. लहानपणी गाळ काढायला त्यांना दोराने तीत उतरवत, तेव्हा भिंतीवरचा हंसराज नाकाला लागायचा, असं ते सांगत. बुजण्याआधी त्यांनी तो नेचा मुळासकट काढून आणला. मे महिन्यात तो वाळला. उरली ती वर्तमानपत्रात दाबलेली थोडी पानं आणि त्यांची भुकटी. विटांचे तुकडे उकळून, ट्रेमध्ये मांडून, त्यांनी ती पेरली. वर काच ठेवली. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला दिसलं ते प्रयोगशाळेमागच्या ट्रेमधलं शेवाळ.

तपासणी समिती यायची होती. माझ्या यादीत नववं काम होतं, 'शेवाळ काढणे'. ते लग्नाला गेले होते त्या दिवशी मी ट्रे ब्लीचिंग पावडरने घासून घेतले आणि खूण केली.

"इटा कोनं धुतल्या?"

"मी धुवून घेतल्या. शेवाळ होतं."

"पलटवून पाह्यलं काय?"

"शेवाळ कोण पलटवून पाहतं?"

"चार महिन्यानं बदामं धरली होती जी," ते म्हणाले. "फक्त नरानं पोहाचं बाकी होतं."

दुसऱ्या दिवशी माझी यादी प्रयोगशाळेच्या दारावर चिकटवलेली होती, नवव्या कामाभोवती लाल गोल. मी फाडली. तिची झेरॉक्स लागली. मी त्यांना दोन मेमो दिले. त्यांनी दोन्ही उलटे केले, मागे 'मिळाला' एवढं लिहिलं आणि परत पाठवले. मी माफी मागितली नाही. पुढची दोन वर्षं आम्ही निरोपसुद्धा शिपायाकरवी देत होतो.

ते निवृत्त झाले, त्या निरोप समारंभाच्या दिवशी ते माझ्या टेबलाशी आले. काच झाकलेला एक ट्रे समोर ठेवला.

"हंसराजच्या भुकटीची शेवटची पुडी होती. पेरली. लिवा यादीत. रोज पानी, उकडून थंड केलेलं."

"मला कशाला?"

"बाकी कोनाचा भरोसा नाई मले. तुमचाबी नाई. तुमच्या यादीचा हाये."

मी लिहिलं. रोज पाणी दिलं, रोज खूण केली. आधी विटा हिरव्या झाल्या, मग बदामं आली. त्यातलं एक सुईने उलटं करून पाहिलं. मला काही दिसलं नाही. पण पावसाळा सरता सरता एक कोंब वर आला, मुडपलेला, केसाएवढ्या काळ्या देठाचा.

तो कुंडीत लावला आणि कुंडी स्कूटीवर पायाशी ठेवून मी कारध्याला नेली. तिथे ते मुलीकडे राहत. त्यांनी 'बसा' म्हटलं नाही. पान उलटं केलं.

"मांगं रिकामं हाये. दाना भरला का मंग आना."

एवढंच. मी घरी पोचेपर्यंत चरफडत होते.

पुढच्या वर्षी, दिवाळीनंतर, पानांचे काठ मागे दुमडले आणि दुमडीत तपकिरी रेघ भरली. मी फोन लावला. मुलीने उचलला.

"बाबा गेले जी. पंधरा दिस झाले." मग थोडं थांबून, "तुमीच काय त्या यादीवाल्या मॅडम?"

"हो."

"लय शिव्या देत तुमाले."

"रोज?"

"हाव. रोज सकाळी. पानी घातलं असंन का नाई बाईनं, म्हणत."

मी फोन ठेवला. कुंडीला पाणी घातलं. यादीत त्यापुढे खूण केली नाही. त्या दिवसाची यादी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, 'दाणा भरला.'