उलटी पावती

विमानतळावर तुमची दारूची बाटली काढून घेणारी बाई ती संध्याकाळी गुपचूप घरी नेते, असं तुम्हालाही वाटतं ना? खरं सांगा.

नऊ जणांना तसं वाटलं. वाटून थांबले असते तर ठीक होतं. त्यांनी लिहून दिलं, सहीनिशी.

ज्या बाईबद्दल लिहिलं तिला सगळे काकू म्हणतात. लोक एका विमानातून उतरून दुसऱ्यात चढतात, त्या मधल्या तपासणीच्या टेबलाशी ती अकरा वर्षं उभी आहे. पायात गोळे येतात म्हणून बुटांत तिने जुन्या गालिच्याचे तुकडे कापून घातलेत. खुर्ची द्यावी असं अकरा वर्षांत एकाही साहेबाला सुचलेलं नाही.

नियम साधा आहे. शंभर मिलिलिटरच्या वर काहीही पातळ पुढे जात नाही. विमानतळावरच्या दुकानातून घेतलेली करमुक्त दारू तेवढी चालते, पण ती पारदर्शक पिशवीत सीलबंद हवी आणि आतली पावती बाहेरून वाचता यायला हवी. सील फाटलं की बाटली गेली. काकू ती वहीत लिहिते, दुसरा माणूस सही करतो आणि दोघांच्या देखत बाटली मोरीत रिकामी होते. थेंबसुद्धा कुणाच्या घरी जात नाही. पण हे विचारतंय कोण?

तर एका आठवड्यात काय झालं, सकाळच्या एकाच विमानातून फाटलेल्या पिशव्या येऊ लागल्या. काकूने बाटल्या काढून घेतल्या. तक्रारी थेट वर गेल्या.

साहेबांनी बोलावलं. "काकू, या विमानाशी तुमचं वैर आहे का?"

"वैर कसलं, साहेब. पिशव्या फाटलेल्या होत्या."

"नऊच्या नऊ?"

"नऊच्या नऊ."

"म्हणजे नऊ माणसं खुळी आणि तुम्ही एकट्या शहाण्या!" साहेबांनी फाइल मिटली. "महिनाअखेर कंत्राट नवं होतंय. ही फाइल बघूनच नावं ठरतील. शुक्रवारपर्यंत काय ते कारण सांगा."

घरी नणंदेच्या कानावर गेलंच. "वहिनी, नाव खराब झालंच आहे तर एखादी बाटली आणायचीत तरी!"

एरवी काकूने तिला तिथल्या तिथे सुनावलं असतं. त्या दिवशी तिचं लक्षच नव्हतं. डोक्यात एक किडा वळवळत होता. नऊ बाटल्या तिने स्वतःच्या हाताने उचलल्या होत्या. बूच एकीचंही उघडलेलं नव्हतं. प्यायची नव्हती, तर मग पिशवी फाडली कशाला?

अकरा वर्षांत तिने हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता. प्रवाशांशी कामापुरतं बोला, असा हुकूम. बुधवारी सकाळी तिने हुकूम गुंडाळून ठेवला.

रांगेत एक सुतार होता. चार वर्षांनी घरी चाललेला. पिशवीचं तोंड दातांनी ओढून उघडलेलं.

"दादा, ही जायची नाही."

"का? दुकानातूनच घेतलीय की!"

"सील उघडलंय. पण रागावू नका, एक विचारते. का उघडलंत?"

"अहो, तुमच्याचसाठी!" सुतार उखडला. "पिशवीवरच छापलंय ना, पावती बाहेरून वाचता आली पाहिजे? माझी उलटी होती, छापलेली बाजू आत. विमानात दिसलं. म्हटलं, पुढे अडवतील. म्हणून उघडून सरळ केली."

काकू बघतच राहिली. "म्हणजे नियम पाळायला नियम मोडलात?"

"मी सुतार आहे, काकू. खिळा वाकडा दिसला की माझा हात थांबत नाही."

"कुणासाठी होती?"

"मेहुण्यासाठी." त्याने बाटलीकडे एकदा पाहिलं आणि हसला. "जाऊ द्या. नाहीतरी तो दुसऱ्याच घोटाला भांडायला उठतो."

बाटली मोरीत गेली. पावती काकूने ठेवून घेतली, कारण तिच्यावर विमान सुटलं तिथल्या दुकानाचा फोन नंबर होता. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता तिने फोन लावला.

पलीकडे विक्रीवाली मुलगी होती. "हो, पावती आम्ही मुद्दामच उलटी घालतो."

"मुद्दाम? का गं बाई?"

"भेट द्यायची असते ना लोकांना. किंमत दिसली की ओशाळतात. गिऱ्हाईकंच म्हणायची, किंमत आत करा. मग नव्या मॅनेजरने सगळ्यांच्याच उलट्या घालायला सांगितल्या."

"कधीपासून?"

"गेल्या सोमवारपासून."

पहिली तक्रार मंगळवारची होती. काकूने डोळे मिटून मोठा श्वास घेतला.

"ऐक. किमतीची खालची पट्टी तेवढी मागे दुमड. दुकानाचं नाव, तारीख, बाटलीचं नाव बाहेर राहू दे. मॅनेजरला माझं नाव सांग, हवं तर माझ्याशी भांडू दे. इथे माझी नोकरी चाललीय."

"अगं बाई! एवढ्यावरून?"

"एवढ्यावरूनच जातात आमच्या."

मुलगी कामाची निघाली. शुक्रवारी त्याच विमानातून सात बाटल्या उतरल्या, सातही सीलबंद, पावत्या सरळ, किमती दुमडलेल्या. काकूने साहेबांना टेबलाशी आणून एकेक पिशवी दाखवली.

"वा! सुटला की प्रश्न," साहेब म्हणाले.

"मग माझ्यावरच्या तक्रारी काढा."

"त्या कशा काढणार? प्रवाशाची तक्रार प्रवाशानेच मागे घ्यायची असते. फाइलीत राहतील."

घ्या! गोंधळ दुकानाचा, तो शोधून मिटवला काकूने, साहेबांच्या खात्यावर एक सुटलेला प्रश्न जमा, आणि काकूच्या फाइलीत नऊ वेळा चोर. कंत्राटाचं ठरवणारे लोक ती फाइल उघडतील तेव्हा सुतार तिथे नसेल, दुकानातली मुलगी नसेल, नुसता कागद बोलेल. काकू तरीही रोज उभी राहते आणि आता प्रत्येकाला विचारते, पिशवी का उघडलीत?

त्या नऊ जणांपैकी कुणी हे वाचत असाल, तर उठा आणि त्या विमानतळाला दोन ओळी लिहा: पिशवी मीच उघडली होती, बाईचा दोष नाही, तक्रार मागे घेतो. खाली सही करा, आणि महिना संपायच्या आत धाडा.