थोरल्या मिस्त्रींचे स्क्रू

थोरल्या मिस्त्रींना माणसांपेक्षा खुर्च्या जास्त कळत. वर्षानुवर्षं लाकडावर रंधा मारून त्यांच्या कंबरेची मात्र अशी दशा झाली होती, की तसली खुर्ची दुरुस्तीला आली असती तर त्यांनी ती सरळ जळणात टाकायला सांगितली असती. डाव्या पायात कळ उठली की टेबलाची कड धरून उभं राहावं लागे.

कंबरेचा एक मणका अर्धवट उघड्या खणासारखा पुढे सरकलाय, असं डॉक्टरांनी दाखवलं. तो खालच्या मणक्याशी कायमचा जोडायचा, पण पाठ उघडायची नाही. बारीक चिरांमधून नळ्या घालून, पडद्यावर बघत स्क्रू बसवायचे. स्क्रू म्हटल्यावर मिस्त्रींची भीतीच पळाली. धातू कुठला, आटे किती खोल, आधी भोक पाडता की थेट पिळता, असे त्यांनी इतके प्रश्न विचारले की बायको म्हणाली, "अहो, ऑपरेशन तुम्ही करणार आहात की ते?"

ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी मिस्त्री चालू लागले. पायातली कळ गायब. डॉक्टरांनी बजावलं, की स्क्रू नुसते धरून ठेवतात. दोन मणक्यांच्या मधे भरलेलं हाड जुळून एकजीव व्हायला कित्येक महिने लागतील, तोवर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. मिस्त्रींनी मान डोलावली. मनात म्हणाले, भला माणूस, उगाच स्वतःच्या कामाला कमी लेखतो. त्यांच्या धंद्यात सरसाने चिकटवलेलं काम सरस वाळेपर्यंत शिकंज्यात आवळून ठेवायचं. स्क्रूने जोडलेलं त्याच संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या घरी. इथे स्क्रू हाच शिकंजा आहे आणि सरस अजून ओला आहे, हे जन्मभर शिकंजे आवळलेल्या माणसाच्या डोक्यात शिरलं नाही.

त्यात त्या चिरा. बघायला येणारे मोठी जखम बघायची तयारी करून येत. मिस्त्री अभिमानाने सदरा वर करत, आणि पाहुणे हिरमुसून चहाकडे वळत. आत्याबाई तर म्हणाल्या, की जिन्यावरून पडले तेव्हाचा माझ्या गुडघ्यावरचा व्रण याहून मोठा आहे.

घरात बसून कंटाळलेले मिस्त्री एक दिवस दुकानात गेले. त्यांचं कामाचं टेबल त्यांनी स्वतःच्या उंचीला कापून घेतलेलं. त्यांच्या रजेत त्यावर काम करणारा धाकटा भाऊ त्यांच्याहून टाळकंभर उंच. त्याने चारही पायांखाली ठोकळे सरकवले होते. मिस्त्रींना वाटलं, आपण अजून जिवंत असताना कुणी आपले कपडे वाटून घेतले.

"ठोकळे काढ," ते म्हणाले.

"तू आराम कर रे दादा. बोटभर चिरा आणि एवढी मोठी रजा! मलाही सांग की तुझ्या डॉक्टरचा पत्ता." कारागीर हसले. मिस्त्रीही हसले, हीच खरी चूक. "आणि टेबल तुझं आहे ना? मग काढ की तूच."

मिस्त्री वाकले. एकेक कोपरा उचलून पायाने ठोकळा उडवत गेले. कुणी अडवलं नाही. सदऱ्याआड पाठ चांगली सरळ दिसत होती. शेवटच्या कोपऱ्याला कंबरेत काहीतरी फिरलं. भोक सैल झालं की स्क्रू पकड न घेता नुसता फिरतो, ते प्रत्येक सुताराच्या मनगटाला कळतं. मिस्त्रींना ते पाठीत कळलं. तरी दिवसभर त्यांनी भावाच्या नाकावर टिच्चून रंधा मारला.

हाड जुळलंच नाही. दुसऱ्या ऑपरेशनला पाठ चांगली वीतभर उघडावी लागली. या वेळी पाहुण्यांचं समाधान झालं. आत्याबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. धाकटा उशाशी बसून रडला. "दादा, एवढं मोठं होतं, तर आधी सांगायचंस ना!"

"तेव्हाही एवढंच होतं रे," मिस्त्री म्हणाले. "आत होतं."

आता रंधा कायमचा बंद. मिस्त्री पुढे गल्ल्यापाशी बसून गिऱ्हाइकांना पॉलिशचे रंग दाखवतात. मागे धाकटा त्याच बुटक्या टेबलावर काम करतो. पश्चात्ताप म्हणून त्याने ठोकळे पुन्हा लावलेच नाहीत. दिवसभर कंबरेत वाकतो आणि संध्याकाळी हात मागे नेऊन पाठ चोळतो.

"लाव रे ते ठोकळे," मिस्त्री रोज सांगतात.

"छे, दादा. तुझं टेबल आहे, तसंच राहणार," धाकटा म्हणतो आणि पुन्हा वाकतो.