दाराबाहेरचा वॉकर

हिरा मडावी म्हातारीला गडचिरोलीहून पुण्यातल्या खराडीत येऊन वर्ष उलटलं, तरी तिच्याशी गोंडीत बोलणारं माणूस एकच, मुलगा रणजित. तो आयटी पार्कच्या गेटवर पहारा करायचा. घरी आला की जेवून आडवा. म्हातारीचं बोलणं तोंडातल्या तोंडात सुकायचं.

उन्हाळ्यात ती नळावर घसरली, मनगट मोडलं. "पुन्हा पडलीस तर खुबा जाईल. मग माघातली पूजा विसर," रणजितने बजावलं. गावाकडे कुळाच्या देवांची पूजा होती. तिथे स्वतःच्या पायांनी चालत जायचं, एवढ्या एका आशेवर म्हातारी तग धरून होती.

मनगट जुळल्यावर दवाखान्यात वॉकर मिळाला. डॉक्टरांनी तिला जेमतेम कळणाऱ्या मराठीत सूचनांची सरबत्ती केली. "कळलं ना आजी? का फळ्यावर लिहून देऊ?"

म्हातारीने मान डोलावली. मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं नसतं, हे तिचं वळण. आणि मान हलली म्हणजे डोक्यात शिरलं, हे डॉक्टरांना कुठल्या कॉलेजात शिकवतात कोण जाणे! रणजितला ड्यूटी गाठायची होती. सगळ्या सूचनांचं त्याने गोंडीत एकच वाक्य केलं, "हे धरून चालायचं."

ती चालली. नळावर, दुकानात, वॉकरशिवाय पाऊल नाही. शेजारची शबनम म्हणायची, "नानी, गाडी जोरात आहे तुमची!" घरी परतली की वॉकर मात्र दाराबाहेर, चपलांच्या रांगेत. एकुलत्या एका खोलीत कोपऱ्यात देव होते. रस्ता तुडवून आलेली वस्तू तिथे कशी न्यायची? आत धरायला भिंत होती.

दिवाळीनंतर एका सकाळी मोरीजवळ भिंतीवरचा हात निसटला. आवाज ऐकून शबनम धावत आली. खुबा मोडला होता.

"वॉकर काय शोभेला दिला होता?" डॉक्टर कडाडले. म्हातारीने पुन्हा मान डोलावली.

रणजितही तिच्यावर भडकला. "आत का नाही नेलास?"

"देवांसमोर? चपला नेतो का आपण?"

"अगं, खालचे रबर धुऊन न्यायचा! घरातच तर जास्त लागतो तो."

"हे मला कोणी सांगितलं?"

रणजित बाहेर आला. त्याने गावी काकाला फोन लावला. "पूजेत आमच्या घरचे तांदूळ तुम्हीच वाहा."

"आणि तुझी आई?"

"येता येणार नाही, हे तिला अजून सांगितलं नाही. पूजेला जायची पिशवी भरायला सांगतेय."