भोंग्यातल्या आया

फोन आला तेव्हा मी यवतमाळच्या आमच्या खोलीत शकुनची वाट पाहत बसलो होतो. रविवार, म्हणजे तिच्या बातम्यांचा दिवस. दुपारी जीप घेऊन शेतांवर फिरायचं, मजुरांच्या लेकरांना लस टोचून घ्यायची आणि संध्याकाळी परत येऊन बातम्या बोलायच्या, असं ठरलं होतं. तिच्यासाठी बिनदुधाचा चहा थर्मासमध्ये भरून ठेवला होता. फोन गजाननचा, जीप चालवणाऱ्याचा होता. "दादा, शकुनबाईले मारून टाकलं." कोणी, असं मी विचारलं. तो म्हणाला, "गावानं."

त्या गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. घाटंजीच्या पुढे कपाशीच्या पट्ट्यात ते आहे, एवढं पुरे. भीती वाटते म्हणून नाव टाळतो असं नाही. नाव लिहिलं की बाकीची गावं हात झटकून मोकळी होतात, तेवढी सोय मला कोणाची करायची नाही. पुरवणीच्या संपादकांनी निरोप दिला की आता काही आठवडे उलटले आहेत, शांतपणे लिहा. ते भले गृहस्थ आहेत, पण शकुन शांत नव्हती, तिचं मरण शांत नव्हतं आणि माझंही डोकं अजून ठिकाणावर आलेलं नाही. तेव्हा जमेल तसं लिहितो.

ती मूळची राज्याच्या सीमेपलीकडची, बैतूलकडची, गोंड. दिवाळीच्या आगेमागे तिकडून ट्रक भरभरून माणसं आमच्या जिल्ह्यात कापूस वेचायला येतात, त्यात आईबापांबरोबर लहानपणी आली, पुढे इथल्याच एका जिनिंग कारखान्यातल्या हमालाशी लग्न करून राहिली. घरात गोंडी, कारखान्यात हिंदी आणि बाजारात आपली वऱ्हाडी, तिन्ही तिच्या तोंडात एकाच वेगाने. माझं एक छोटं साप्ताहिक आहे, वडिलांपासून चालत आलेलं. कापूस बाजारामागे जिना चढून वर दोन खोल्या. एका सकाळी ती तो जिना चढून आली तेव्हा तिच्या कपाळावरून रक्त ओघळून पदरात साकळलं होतं. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाने काठी घातली होती, कारण तिने तापलेल्या बाईला वेचणीतून उठवून दवाखान्यात नेलं होतं. मी घाईने पाणी दिलं, कापूस दिला आणि मोठ्या तोऱ्यात म्हणालो की याची बातमी पहिल्या पानावर घेतो. कपाळाला कापूस दाबून ती म्हणाली, "मराठीत छापून कोन वाचीन, दादा? मुकादमच वाचीन. आमच्या लोकायले वाचता येत नाही, ऐकता येते."

त्या एका वाक्यावर पुढची सगळी खटपट उभी राहिली. मागच्या खोलीत जुन्या गाद्या भिंतीला टेकवून आवाज घुमणार नाही असं केलं, एक बरा माइक घेतला, आणि दर रविवारी शकुन गोंडीत बातम्या बोलू लागली. त्या फोनवरून फोनवर जायच्या आणि बाजाराच्या दिवशी जीपवरच्या भोंग्यातून वाजायच्या. तिकडचं रेशनकार्ड इथे चालतं का, लस कधी, हंगामी शाळा कुठे, अपघात झाला तर कोणत्या कचेरीत जायचं, असं सरकारचं म्हणणं ती लोकांना सांगायची आणि लोकांचं म्हणणं सरकारच्या दारात नेऊन आपटायची. आपटायची हाच शब्द बरोबर आहे. वेचणीच्या दिवसांत ही माणसं तिकडच्या गावच्या दफ्तरात 'बाहेर गेलेली' असतात आणि इकडच्या दफ्तरात 'बाहेरची', त्यामुळे कोणाच्याच गणतीत नसतात. एका जिनिंगमध्ये एका तरुणाचा हात यंत्रात गेला, कोपरापर्यंत. हा आमचा माणूसच नाही, असं मालकाकडून सांगण्यात आलं. शकुनने त्याच्या दंडाला गुंडाळलेलं लुगड्याचं चिंधूक, रक्ताने ताठ झालेलं, पिशवीत घालून नेलं आणि तहसील कचेरीतल्या साहेबांच्या टेबलावर फायलींवर ठेवलं. "हे ज्याचं हाय, तो कोनाचा हाय ते सांगा," एवढंच बोलली. त्या रविवारी तिने त्या मुलाचं नाव, गाव, कूळ सगळं बातम्यांत सांगितलं. दुसऱ्या दिवशी जिनिंगची शेड ओस पडली, तेव्हा कुठे तो मालकाचा माणूस झाला.

ती मारकुटी होती, हेही लिहायला हवं. नाहीतर मेलेल्या माणसाला आपण उगाच गुळगुळीत करून टाकतो. ज्या मुकादमाने तिचं कपाळ फोडलं त्याला तिने पुढच्या हंगामात तहसीलच्या आवारात, वडाखाली, सगळ्यांदेखत चपलेने हाणलं. मी मध्ये पडलो तर एक मलाही बसली. नंतर जिन्यावर बसून चहा पिताना मी म्हणालो, असं करू नये, आपण बातम्यावाली माणसं. ती हसायला लागली. तिच्या लोकांत नवा माणूस भेटला की तुमचे देव किती, असं विचारतात. ज्यांच्या देवांची संख्या सारखी, ते भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. हाच प्रश्न तिने एकदा कचेरीतल्या साहेबांना टाकला होता, तर ते गोंधळून तेहतीस कोटी म्हणाले होते. मला तिने विचारलंच नाही, परस्पर तिच्या सहा देवांत घालून टाकलं. "चप्पल लागली तं काय झालं," ती म्हणाली, "भाऊ हाय ना तुमी."

लेकरांचा प्रश्न मागच्या हंगामातला. मुकादमाची उचल घेऊन पळून गेलेल्या एका कुटुंबाला त्याच्या माणसांनी जीपमधून येऊन ओढत नेलं होतं, बापाला पोरांसमोर तुडवलं होतं. तेव्हापासून शेतांवरच्या झोपड्यांमधली पोरं इंजिनचा आवाज आला की कपाशीत शिरायची. लसवाल्या बाई यायच्या, हाका मारायच्या आणि मुलं नाहीत असं लिहून परत जायच्या. मोठी माणसं लांबच्या शेतात वेचणीला गेलेली असायची, त्यांना मजुरी सोडून थांबता येत नव्हतं. शकुनने तोड काढली. ती आदल्या दिवशी झोपड्यांवर गेली आणि प्रत्येक आईकडून तिच्या लेकराला मारलेली हाक फोनमध्ये भरून आणली. मग जीपवरच्या भोंग्यातून त्या हाका एकामागून एक वाजवत ती बांधाबांधाने फिरली. मी एकदा मुद्दाम बरोबर गेलो होतो. भोंग्यातून एक बाई गोंडीत आपल्या पोराला बोलावते आहे, मग दुसरी, मग तिसरी... आणि पांढऱ्याफेक कपाशीतून एक डोकं वर येतं, इकडेतिकडे बघतं, मग पाय लावून जीपकडे पळत सुटतं. थोड्याच वेळात जीप पोरांनी भरली. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते लपवलेही नाहीत.

आता तेच चित्र रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी बघा. अनोळखी जीप, कानाला न कळणारी भाषा, बायकांचे आवाज आणि शेतातून पळत येऊन गाडीत चढणारी लेकरं. हे तिला सुचलं, मलाही पटलं, दोघांनाही ते फार सुंदर वाटलं. ते बाहेरून कसं दिसेल हे आम्हा दोघांच्याही मनात आलं नाही.

यंदा त्या रविवारआधीच्या आठवड्यात जिल्हाभर फोनवर पोरं पळवणाऱ्या टोळीचे निरोप फिरत होते. कुठले तरी फोटो, कुठलं तरी रडणं, आणि खाली 'पुढे पाठवा'. बोरी अरबच्या बाजारात शकुनच्या ओळखीच्या एका फुगेवालीला लोकांनी झिंज्या धरून फिरवल्याचं तिच्या कानावर आलं होतं. ती साहेबांकडे गेली. म्हणाली, ग्रामपंचायतींमधून आधी मराठीत दवंडी द्या, गाडीबरोबर एक पोलीस द्या. साहेब हो म्हणाले. शनिवारी त्यांनी तिला फोनवर बोलका निरोप पाठवला की दवंडीचं बघतो, पोलीस वाटेत भेटेल, पण लसीची तारीख हलवता येणार नाही, तुम्ही भोंगा लावून निघा. दवंडी झाली नाही. पोलीस भेटला नाही. लसवाल्या बाई पुढच्या गावाहून चढणार होत्या, म्हणून जीपमध्ये शकुन आणि गजानन एवढेच होते.

पुढचं गजाननने सांगितलं, हात प्लास्टरमध्ये, नजर माझ्या खांद्यापलीकडे. पोरं चढत होती तेवढ्यात दोन मोटरसायकली आडव्या आल्या. मग अजून आल्या. कोणीतरी ओरडलं की हीच ती टोळी. शकुनने पोरांना आत ढकललं, दारं लावून किल्ली फिरवली आणि किल्ली ब्लाऊजमध्ये टाकून दाराला पाठ लावून उभी राहिली. ती स्वच्छ वऱ्हाडीत सांगत होती की आम्ही सरकारचं काम करून राह्यलो, हे यांच्या आयांचे आवाज आहेत, माणूस पाठवा, वेचणीवरून आया बोलावून आणा. पण भोंगा चालूच होता. तो बंद करायचं बटण आत, कुलपापलीकडे, आणि आत भेदरलेली लेकरं. तिच्या डोक्यावर भोंगा पूर्ण आवाजात हाका मारत होता आणि त्याखाली तिचं मराठी कोणाला ऐकूच येत नव्हतं. पहिला दगड भोंग्यावर बसला, दुसरा तिच्यावर. गजाननला ओढून बाजूला घेतलं, त्याचा हात बांधावर ठेवून पायाने मोडला. मग पऱ्हाटीच्या खुंटांनी, वखराच्या दांड्याने, चपलांनी... बाया होत्या, त्यांनीही मारलं. "दादा, तिनं बी हानले दोघं-तिघं," गजानन म्हणाला. "पन दार नाही सोडलं."

तो भोंगा इतका मोठ्याने वाजत होता की दोन शेतं पलीकडे वेचणाऱ्या आयांना आपलेच आवाज ऐकू आले, आणि ते थांबेनात तेव्हा काहीतरी बिघडलं आहे हे त्यांना कळलं. त्या पळत आल्या. आतली पोरं काचांवर हात आपटून "याया, याया" ओरडायला लागली. याया म्हणजे आई, हे त्या गर्दीला समजावून सांगावं लागलं नाही. हातातले दांडे खाली पडले. मग आले तसे सगळे गेले, मोटरसायकली सुरू झाल्याचे आवाज येत राहिले. लेकरांना एक ओरखडा नव्हता. त्यांना वाचवायला आलेल्या माणसांनी त्यांच्यासमोर जे केलं, ते मात्र त्यांनी काचेतून सगळं पाहिलं.

मी दवाखान्यात तिला पाहिलं. सगळ्यात जास्त मार तोंडावर होता. ज्या तोंडाने ती बोलायची नेमकं तेच... जाऊ द्या. त्यानंतर कचेरीच्या हवाल्याने छापून आलं की संबंधित महिलेने विनापरवाना ध्वनिक्षेपक लावल्याने गैरसमज झाला. मी वर्तमानपत्र घेऊन कचेरीत गेलो. साहेब सांत्वनाचं बोलू लागले. मी शकुनचा फोन त्यांच्या टेबलावर ठेवला आणि त्यांचाच शनिवारचा आवाज त्यांना ऐकवला, 'तुम्ही भोंगा लावून निघा.' ते म्हणाले, तसा अर्थ नव्हता त्याचा. मग टेबलावरची काच मी मुठीने फोडली. हाताला टाके पडले, माझ्यावर तक्रारही झाली आहे. वयाला शोभलं नाही, असं घरची मंडळी म्हणतात. नसेल शोभलं. चप्पल पायातच राहिली, याचंच मला राहून राहून वाईट वाटतं.

भोंगा पोलिसांनी परत दिला. एका बाजूने चेपलेला आहे, खोलीत गाद्यांपाशी ठेवला आहे. तिच्या फोनवर रविवारी संध्याकाळी अजून मिस्ड कॉल येतात, कारण प्रश्न असला की मिस्ड कॉल द्यायचा आणि शकुनने उलटा फोन करायचा, ही तिची रीत होती. लांबच्या तालुक्यांत ती गेल्याचं कळलेलं नाही. मी उलटा फोन करतो, मोडक्या हिंदीत सांगतो. बहुतेक जण एकच विचारतात की आता खबर कोण सांगणार.

परवा रविवारी त्या शेतावरची एक बाई जिना चढून आली, त्या हाकांतली एक. सुखवंती तिचं नाव. बसली नाही. म्हणाली की आमच्या आवाजांनी तिला मारलं, ते मिटवून टाका. त्या सगळ्या जणींनी मिळून तिला तेवढंच सांगायला पाठवलं होतं. मी कपाळावर हात मारून घेतला, तिच्यावर ओरडलोही असेन. मग म्हणालो, मिटवतो, पण आधी एकदा ऐका. शकुनच्या फोनवर ते वाजवलं. हाका सुरू झाल्या, तिची स्वतःची हाक आली तेव्हा तिने पदर तोंडात कोंबला. सगळ्या आया संपल्यावर शेवटी शकुनचा आवाज येतो, एकच वाक्य, थोडं हसत म्हटलेलं. ते मी कितीदा ऐकलं होतं, पण गोंडीत असल्याने कळलं नव्हतं. मी विचारलं, ही काय म्हणते?

"बोलती है, डरो मत," सुखवंती म्हणाली. "गाडी अपनीच है."

ती खाली बसली. थर्मासमधला चहा मी तिला दिला, रविवारी अजूनही मी तो भरतोच. चहा पिऊन झाल्यावर तिने विचारलं की यात बोलायचं कुठून. मी माइक तिच्याकडे वळवला.