कोरड्या गाद्या

आईचा स्मृतिभ्रंश वाढला, तेव्हा मी लोणावळ्याजवळचं एक केअर होम बघायला गेले. आत शिरल्याबरोबर आधी नाकानं तपासणी केली. लघवीचा वास कुठंच नव्हता. मी खूश झाले.

तेवढ्यात खाटेवरच्या एका आजींनी माझा हात धरला. ओठ पार फुटलेले. "पोरी, पानी दे गं. लय कोरड पडलीया."

मी पर्समधून बाटली काढली, तसा मॅनेजर धावतच आला. "नको मॅडम! दुपारनंतर आम्ही यांना पाणी देतच नाही. म्हणून तर गाद्या कोरड्या राहतात."

आणि वर मेला हसला.

शिसारी आली मला त्याची, आणि मघाशी खूश झालेल्या माझीही. मी बाटली आजींच्या तोंडाला लावली.

"प्या आजी, सगळं प्या. भिजू देत त्याच्या गाद्या."