भाऊजींनी इंजिनाचं माप घेतलं

माझ्या धाकट्या दिरांना आमच्या गल्लीत ‘उसवून बघू’ म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण पाठ फिरली की तेच नाव. आता त्यांनाही ते ठाऊक आहे आणि मला वाटतं थोडं आवडतंही.

भाऊजी शिंपी. शिवण शिकले तेही उसवूनच. तरुणपणी कुणाचा तरी भारी कोट नुसतं बटण लावायला आला होता. ह्यांनी अख्खा कोट उसवला, कापड कसं बेतलंय ते डोळे भरून बघितलं आणि होता तसा परत शिवून दिला. गिऱ्हाईक तणतणलं, “एका बटणाला इतके दिवस?” भाऊजी शांतपणे म्हणाले, “आधी कोटाशी ओळख करून घेतली, मग बटण लावलं.”

कोटावरून गाडी घड्याळावर गेली, घड्याळावरून नळावर, आणि एकदा माझ्या छत्रीवर. तेव्हापासून माझी छत्री उघडते झोकात, पण मिटत नाही. रस्त्यात चालताना काही म्हणणं नाही. दारातून आत यायचं म्हटलं की पंचाईत.

त्यांचं घर आणि आमचं घर भिंतीला भिंत लावून. पुढं त्यांचं दुकान, मागं दोन्ही घरांत मिळून एक अंगण, आणि अंगणात गवत. ह्या गवताची गोष्ट सांगायची तर आधी माझ्या जावेबद्दल, म्हणजे भाऊजींच्या बायकोबद्दल, सांगायला हवं.

गेल्याच्या गेल्या वर्षी तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. त्यातून उठली, पण डावा पाय मागं राहायला लागला. डॉक्टरांनी बजावलं, रोज चालायचं, चालणं सुटलं की पाय आपलं काम विसरतात. दवाखान्यातून चार पायांचा आधार दिला. तिनं त्यावर ओले टॉवेल वाळत घातले. काठी दिली, ती दाराआड गेली. “मी काय म्हातारी झाले?” म्हणायची. माझ्यासमोर म्हणायची! तिच्याहून मी किती थोरली!

मग एक दिवस तिनं गवत कापायच्या मशीनची दांडी धरली. मागून ढकलत चालायचं जुनं मशीन ते, लोखंडाचं, म्हशीसारखं जड. दांडीला लागून एक कडी असते, ती मुठीत दाबून धरली तरच इंजिन चालतं. सोडली की ब्रेक लागतो आणि गप्प. ती दांडी धरून बाई ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली आणि परत आली. आधार म्हणायचं नाही, गवत कापतेय म्हणायचं. मग काय, रोज सकाळी घुर्रर्र सुरू. आमच्या गवताला बिचाऱ्याला डोकं वर काढायची सोय उरली नाही.

आणि एका सकाळी मशीनमधून धाडकन आवाज आला. बाई जागच्या जागी उभी, अंगणात निळा धूर. इंजिनाच्या कुशीला अंगठा जाईल एवढं भोक पडलं होतं. आतला दांडा तुटून भिंत फोडून बाहेर आला होता. भाऊजी सुई तशीच सदऱ्याला टोचलेली घेऊन धावत आले, बायको सुखरूप आहे हे बघितलं आणि लगेच पालथे पडून भोकाला डोळा लावला.

“वहिनी, आत बघा, आत बघा! काय सुंदर तुटलंय!”

मीही बघितलं. खोटं कशाला बोलू, बघण्यासारखंच होतं.

“तेल संपलं असणार,” भाऊजी म्हणाले.

“शिलाई मशीनला रोज तेल देता,” जाऊ म्हणाली, “जग उसवून बघता, आणि ह्याचं तेल तेवढं बघायचं राहिलं होय?” आणि भिंत धरून आत गेली.

ती जी गेली ती खिडकीतच बसली. भाजी निवडायची, बटणं लावायची, पण बाहेर यायची नाही. गवत वाढत गेलं. थोड्याच दिवसांत ती स्वयंपाकघरात जायलासुद्धा भिंत चाचपायला लागली. मी म्हटलं, माझा हात धर आणि चल. म्हणाली, “ताई, मग तुमचा हात कोण धरणार?”

भाऊजींनी बाजारातून नवं मशीन आणून दाखवलं. हलकं, चकचकीत, आपलं आपण पुढं चालणारं. जावेनं दांडी धरली मात्र, ते निघालं तरातरा आणि ही मागं फरफटत. कडी सोडून दारात टेकली आणि म्हणाली, “मी ह्याला फिरवायचं की ह्यानं मला? परत करा.”

तिला हवं होतं तिचंच जड धूड, तिच्या चालीनं चालणारं. म्हणजे धड जुनं आणि काळीज नवं. भाऊजींचे डोळे लकाकले. त्यांनी म्हटलं काय ते सांगायला नको.

मी खुर्ची टाकून अंगणात बसले, कारण असली गोष्ट घरबसल्या बघायला कुठं मिळते? आधी त्यांनी प्लगची वायर काढली, म्हणजे हात आत असताना चुकून सुरू व्हायला नको. पेट्रोल डब्यात काढून घेतलं. मशीन कुशीवर निजवलं. पातं फिरू नये म्हणून लाकडाचा ठोकळा अडकवला आणि मधला बोल्ट सोडवायला घेतला. तो गंजून बसला होता. भाऊजी त्याला “सुट रे राजा” म्हणत होते. शेवटी त्यावर तेल सोडून रात्रभर तसाच ठेवला, तेव्हा कुठं सकाळी कुरकुरत सुटला. बोल्ट सुटला, पातं निघालं, पातं ज्यावर बसतं तो गट्टू निघाला. मग इंजिन धरून ठेवणारे तीन बोल्ट, कडीकडून येणारी तार, आणि इंजिन आलं उचलून हातात. खाली राहिला नुसता लोखंडी टप, मधोमध मोठं भोक. मला वाटलं होतं आत केवढा कारभार असेल. काही नाही. सगळं शहाणपण त्या वरच्या गठ्ठ्यात.

आता दुसरं इंजिन कसं निवडायचं? दुसरा कुणी असता तर मोडक्या इंजिनावरचे आकडे उतरवून घेतले असते. भाऊजींनी कापड बेतायचा खाकी कागद टपावर पसरला, खडू चोळून भोकांची जागा उठवली आणि कात्रीनं कापून बेत काढला, सदऱ्याचा काढावा तसा. गळ्यातली टेप काढून इंजिनाच्या खाली निघालेल्या, पातं फिरवणाऱ्या दांड्याची लांबी घेतली, जाडीला दोरा गुंडाळला. मग आम्ही दोघं भंगारवाल्याकडे.

भंगारवाला आधी कागदाकडे बघत राहिला, मग भाऊजींकडे. “मास्तर, इंजिनाला सदरा शिवताय का?”

“सदऱ्याला माणूस शोधतोय,” भाऊजी म्हणाले.

पहिल्या इंजिनाची भोकं बसली, पण दांडा लांब. “पातं जमिनीला घासेल. पायघोळ झालं, नको.” दुसऱ्याचा दांडा बारीक. “हे ढगळ होणार.” तिसरं एका मोडक्या मशीनवर बसलेलं होतं, टप गंजून चाळण झालेला. भंगारवाल्यानं सुरू करायची दोरी ओढली, ते एका ओढीत सुरू झालं. बंद करून माप घेतलं, कागद चपखल बसला. तेच घेतलं.

बसवायला फार वेळ लागला नाही. तीन बोल्ट, तार कडीला, ताजं तेल. तेलाची पट्टी तर त्यांनी इतक्यांदा काढून बघितली की खिडकीतून आवाज आला, “बास, आता बुडेल ते!”

पातं मात्र बाजूला पडून होतं. मी विचारलं, हे राहिलं का?

“नाही वहिनी. शिलाई मशीनला तेल दिलं की आधी दोरा न घालता चालवायचं, नाहीतर नवा दोरा काळा होतो. हेही आधी रिकामं चालवू. चाललं की पातं लावू.”

मला पटलं. मी कडी दाबून धरली. भाऊजींनी दोरी ओढली. इंजिन ‘फट्’ म्हणालं, दोरीला उलटा हिसका बसला आणि तिची मूठ हातातून सुटून इंजिनावर आदळली. परत ओढली, परत तेच. जणू आत कुणी बसलंय आणि दोरी आपल्याकडे खेचतंय. भाऊजींची बोटं लाल झाली, सुई धरायची बोटं ती.

“फसवलं मेल्यानं,” मी म्हटलं.

“पण तिथं तर आपल्यादेखत सुरू झालं.” भाऊजी उकिडवे बसून इंजिनाकडे बघत राहिले. तिथं चालतं, इथं का नाही? मीही खूप विचार केला. तिथं असं काय होतं जे इथं नाही? सुचेना. शेवटी त्यांनी पेचकस उचलला. “वहिनी, आता हे उसवून बघू.”

“खबरदार!” खिडकीतून. “पेचकस खाली ठेवा! पातं लावा आधी!”

“अगं, चालत नाहीये, पातं लावून काय करू?”

“लावा म्हणते ना!”

“पण का?”

खिडकीत कुणी दिसेना. मग दार वाजलं. जाऊ दाराच्या चौकटीला धरून उंबऱ्यावर, तिथून कपड्यांच्या दोरीच्या खांबापर्यंत, आणि मग धरायला काही नव्हतं तेवढी जागा डावा पाय ओढत, तोंडानं बोलत बोलत. भाऊजी उठायला गेले. मी मागून त्यांचा सदरा धरून खाली बसवलं.

“गेल्या वर्षी पातं धारेला दिलं होतंत,” ती माझ्या खुर्चीची पाठ धरून म्हणाली, “तेव्हा मला चैन पडेना. तुम्ही दुकानात होतात, मी हळूच सुरू करून बघितलं. अस्साच हिसका. मनगट सुजलं, तुम्हाला सांगितलं दारात सापडलं.”

“दारात सापडलं म्हणालीस खरी.”

“मग काय सांगणार, मलाही उसवायची सवय लागली म्हणून? पातं बसवलं तसं निमूट चालायला लागलं. खाली वजन लागतं त्याला. नुसतं डोकं गरगर फिरून काय होतंय?” हे शेवटचं कुणाला होतं ते आम्हा तिघांनाही कळलं.

भाऊजींनी कपाळावर हात मारला. “अरे! चाक काढून ठेवलं आणि मशीन चालवायला बसलो!” शिलाई मशीनचं खालचं जड चाकच पाय वर-खाली होताना वेग धरून ठेवतं, तसंच हे पातं. त्या मोडक्या मशीनला पातं होतं. आम्ही दोघांनी बघितलंही होतं.

पातं चढवलं, बोल्ट कसला, चाकं उंच केली कारण गवत गुडघ्याला आलं होतं. मी कडी धरायला पुढं झाले, तर जावेनं मला कोपरानं बाजूला सारलं.

दुसऱ्या ओढीला सुरू झालं. जुन्याचा आवाज खोकल्यासारखा होता, ह्याचा जरा किनरा. ती निघाली. पहिल्यांदा फार हळू, गवत आडवं पडायचं, मग कापलं जायचं. भिंतीपाशी वळताना डावा हात निसटला, कडी सुटली, इंजिन गप्प. ती दांडीवर भार टाकून उभी होती, पडली नव्हती.

“काय बघताय?” ती ओरडली. “या, दोरी ओढा!”

भाऊजी पळत गेले.

आता रोज सकाळी असंच. ती कापते, कुठंतरी कडी सुटते, ते पुढं दुकानातून टेप गळ्यात तशीच घेऊन दोरी ओढायला येतात. गिऱ्हाइकं थांबायला शिकलीत.

गल्लीत मात्र निराळंच बोलतात. म्हणतात, मास्तर किती हुशार, बायकोनं उठून बाहेर यावं म्हणून मुद्दाम पातं लावलं नाही! भाऊजी हे ऐकतात आणि टाचण्या ओठांत धरतात. मी त्यांचं तोंड त्या दिवशी बघितलंय, त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. पण मी कशाला बोलू?

परवा शेजारणीनं हेच जावेला सांगितलं. ती कडी दाबून उभी होती, दोरी ओढली जायची वाट बघत.

“एवढं डोकं असतं,” ती म्हणाली, “तर तेल नसतं का बघितलं?” आणि दुकानाकडे तोंड करून हाक मारली, “अहो! या की!”